बिनवासाचं घर

मी एक जुना पाटा आहे, मित्रांनो. काळ्या दगडाचा, दीड हात लांब, मधोमध झिजून खोलगट झालेला. आधीच सांगून ठेवतो, मला गोड बोलता येत नाही. जन्मभर मिरच्या अंगावर घेतल्या, आता गोडवा कुठून आणू? ऐकायचं असेल तर नीट बसा आणि सारखं 'मग पुढे काय' विचारू नका. सांगतोच आहे.

सध्या मी खोडदला एका मळ्याच्या बांधावर उताणा पडून असतो. समोर कांद्याची चाळ, तिच्यापुढे ऊस, आणि उसाच्याही पलीकडे आभाळाकडे तोंड केलेल्या त्या जाळीच्या मोठमोठ्या छत्र्या. त्या म्हणे दुर्बिणी आहेत, लांब आभाळातलं ऐकतात. ऐकोत बापड्या. माझं सांगणं बांधावरचं आहे आणि ते ऐकायला अजून तरी कुणी थांबलेलं नाही.

मला घडवलं गेणू पाथरवटाने. हा गेणू मोठा तऱ्हेवाईक माणूस. दगड निवडताना बोटाच्या पेराने टकटक करायचा, मग कान लावायचा. ठणठणीत आवाज आला तर दगड घ्यायचा, नाहीतर लाथ मारून पुढे जायचा. मी ठणठणीत निघालो. आठ दिवस त्याने माझ्यावर छिन्नी चालवली. शेवटी अंगभर बारीक टाकी लावली, म्हणजे टोचे मारून मला खरखरीत केलं, आणि ओतूरच्या बाजारात नेऊन मांडलं. तिथे मला भगवंत नावाच्या एका लाजऱ्या तरुणाने विकत घेतलं. त्याचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. एस.टी.च्या टपावर मला चढवताना कंडक्टरने माझं वेगळं लगेज फाडलं, तेव्हा भगवंत म्हणाला, "भाऊ, दगडाचं बी तिकीट?" कंडक्टर म्हणाला, "दगुड न्हाई राव, वजन बघतो आमी."

मी त्या घरात आलो त्याच आठवड्यात साळुबाई नवरी होऊन आली. म्हणजे आम्ही दोघं त्या घरात बरोबरीने नवे. सतरा वर्षांची पोर, हाताला अजून हळद. तिचं माहेर घोडेगावाकडचं, भातखाचरांच्या मुलखातलं. तिथे भात शिजायला लागला की अख्खी आळी दरवळते, असं ती सांगायची. कुणाला सांगायची? मलाच. नव्या नवरीला बोलायला दुसरं होतं कोण? मिरची वाटायला बसली की डोळ्यांना पाणी यायचं, त्यात तिचं स्वतःचं पाणी मिसळून जायचं. मिरची वाटताना रडलेलं कुणाला ओळखू येत नाही, ही सोय मी तिला पुष्कळ दिवस पुरवली.

"हितं समद्याला कांद्याचा वास येतोय गं बाई," ती पुटपुटायची. "हातरुणाला बी कांद्याचा. माझ्या हाताला बी. मी माझीच मला वळखू यीना."

मलाही आपला डोंगर आठवत होता.

पण माणसाचं नाक हळूहळू मुक्कामाला येतं, हे मी तिच्याकडे बघून शिकलो. आधी तिला कणगीतल्या बाजरीचा वास आवडायला लागला. मग चुलीत तुरकाठ्या घातल्या की निघणारा धूर. मग भगवंत पिकाला रात्रपाळीचं पाणी भरून पहाटे यायचा, त्याच्या अंगाचा ओल्या मातीचा आणि तंबाखूचा वास. दुसऱ्या वर्षी दिवाळीला ती माहेरी गेली आणि चार दिवस सांगून दोन दिवसांत परत आली. सासूने विचारलं तर म्हणाली, "तिकडं झोपच लागंना." माझ्याजवळ बसून तिने पोटभर श्वास घेतला. त्या दिवशी ती या घरची झाली, मित्रांनो. लग्न दीड वर्षापूर्वी लागलं होतं, तो निराळा हिशेब.

मला नाक नाही. तरी वासाचं मला कळतं, कारण दगड पितो. माझ्यावर जे जे वाटलं जातं त्यातलं थोडंथोडं मी आत घेतो आणि पुढच्या वाटणाला थोडंथोडं देतो. म्हणून तर पाट्यावरच्या चटणीला चव असते असं तुमच्या घरचे म्हणतात. लक्षात ठेवा हे. चांगलं दिलं तर चांगलं पितो. वाईट दिलं तर तेही पितो. निवड करायची अक्कल दगडाला दिलेली नाही.

आता सटीचं सांगतो. सट म्हणजे चंपाषष्ठी, खंडोबाचा दिवस. आमच्या घरची माणसं कांद्याच्या राशींवर बसून चातुर्मासात चार महिने कांदा खात नाहीत, लसूण नाही, वांगं नाही. मग मार्गशीर्षात सट आली की सगळं एकदम सुटतं. वांग्याचं भरीत, कांद्याची पात, बाजरीची भाकरी, आणि आमच्या घरची रीत म्हणून मासवडी. मासवडीत मासा नसतो बरं का. बेसन घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, त्यात तीळ, सुकं खोबरं, लसूण यांचं सारण भरायचं, दुमडून माशासारखा आकार द्यायचा आणि वड्या कापायच्या. सोबत झणझणीत रस्सा. सारणही माझ्यावर, रश्श्याचं वाटणही माझ्यावर.

आणि नियम असा की देवाला दाखवेपर्यंत जिभेला कण लावायचा नाही. मग मीठ-तिखट कळायचं कसं? साळुबाईच्या सासूने तिला पहिल्याच सटीला सांगितलं होतं, "नाकानं वळखायचं. वास आपल्या पायांनी चालत येतो, त्याचा देव राग धरत न्हाई."

मिठाला वास नसतो म्हणे. साळुबाईला यायचा. कढईवर वाकायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "चिमूटभर कमी हाय." घालायची. कधी चुकलं नाही. सासूने दोन वर्षांत चूल तिच्या हाती दिली. सटीला सगळी भावकी जमायची. चुलतदीर बाळासाहेब, मिशीला तूप लागेपर्यंत जेवणारा माणूस, दरवर्षी तेच बोलायचा, "वहिनी, तुमची मासवडी पोटात गेल्याबिगर सट झाल्यावाणी वाटतच न्हाई." साळुबाई पदर तोंडाला लावायची आणि मी मनात म्हणायचो, अरे, आम्हालाही थोडं म्हण की.

मानही मिळाला मला, नाही असं नाही. मुलगा झाला, सुदर्शन, तेव्हा बारशाला माझ्या वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून फिरवलं. त्या दिवसापासून तो वरवंटा स्वतःला त्या घरचा थोरला मुलगा समजतो. दरवर्षी लंकाबाई नावाची बाई छिन्नी-हातोडी घेऊन यायची, मला पुन्हा टाकी लावायची आणि म्हणायची, "पाटा लई गुणाचा हाय बरं का साळुबाई, इकू नका." मग मिक्सर आले आणि लंकाबाई यायची बंद झाली.

सुदर्शन मोठा झाला, हुशार निघाला. एका वर्षी टोमॅटोला भाव लागला आणि त्याने जुनं घर पाडून त्याच जागी स्लॅबचा बंगला बांधला. गुळगुळीत फरशी, ग्रॅनाइटचा ओटा, भिंतींना पिस्ता रंग. सून अश्विनी मंचरची. कामाची आणि मनाने चांगली पोर, तिला नावं ठेवायला जागा नाही. नात श्रेया. सगळं भरलेलं. माघात वास्तुशांत झाली आणि मला परसात पाण्याच्या हौदाजवळ ठेवलं. माझ्यावर गोधड्या आपटायला लागले. साबण प्यायलो. कुरकूर केली, पण चालवून घेतलं. साळुबाई स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने दिवसातून दहादा बाहेर यायची, मला बघायची, तेवढं पुरे होतं.

नव्या घराला अजून घराचा वास लागला नव्हता. रंग, सिमेंट, नवी कपाटं. "हुईल हळूहळू," ती मला म्हणाली. "मागं बी झालंच की." तिला अनुभव होता. पण तिला फक्त तीन महिने मिळाले.

वैशाखात कोरोना आला. भगवंत आणि साळुबाई, दोघांनाही एकाच गाडीतून नेलं. परत आली ती एकटी. भगवंतला घरी आणलंच नाही. त्या दिवसांत कुणालाच आणत नव्हते.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती परसात आली. हौदाजवळ बसली. हातात लसणाच्या चार पाकळ्या होत्या. त्या तिने माझ्यावर ठेचल्या, वाकली, नाक अगदी माझ्या तोंडाला टेकवलं. बराच वेळ तशीच होती. मग तिने तुळशीची पानं चुरली. मग मिरची. मग चुलाण्यातली राख बोटावर घेऊन हुंगली. काहीच येत नव्हतं, मित्रांनो. काहीच नाही. तिचा श्वास आत जात होता आणि रिकामा बाहेर येत होता.

"जाऊ दे," ती म्हणाली. "यील." पदराने मला पुसलं आणि आत गेली.

कुणाला सांगितलं नाही तिने. आणि कुणी विचारलंही नाही. दोन घास खाऊन ताट सारायची, तर सून म्हणायची, "मामा गेल्यापास्नं आत्यांचं जेवणावर मन न्हाई." घराच्या दारातच उभी राहायची, आत जावं की नको असं बघत, तर सुदर्शन म्हणायचा, "आईला अण्णांची आठवण येतीय, नका तरास देऊ." मंचरला गेला की तिच्यासाठी भेळ आणायचा, पेढे आणायचा. ती खायची आणि म्हणायची, "ग्वाड हाय." जिभेला गोड-खारट तेवढं कळत होतं, बाकी सगळा कागद. सगळ्यांना वाटलं हे नवऱ्याचं दुःख आहे. होतंच ते. पण त्याच्या पोटात दुसरं एक दुःख बसलं होतं आणि पहिल्याच्या आडोशाने ते कुणाला दिसलं नाही.

मला मात्र ती सांगायची. "जागा तीच हाय रं," ती म्हणायची, "पर मी घरी आल्यावाणीच वाटंना मला. कुनाच्या तरी बंगल्यात पावनी म्हणून ऱ्हातीय. सकाळी डोळं उघडलं की वाटतं, आज जावं आता घरी. आन् मग ध्यानात येतं, ह्येच हाय."

तिने ताळमेळ बसवून स्वयंपाक चालू ठेवला. हाताला सवय होती, डोळ्यांना रंग कळत होता. पहिल्या वर्षी सुतकाचं वर्ष म्हणून सट झाली नाही. दुसऱ्या वर्षी सट यायची होती आणि भावकीला निरोप गेले होते. चाखायचं नाही, हुंगता येत नाही, मग निवद करायचा कसा?

त्याच्या आधी, परतीच्या पावसात, आणखी एक गोष्ट घडली. सुदर्शनने फवारणीच्या औषधाच्या भुकटीची पिशवी चाळीत ठेवली होती. तिला ओल लागून ढेकळं झाली. ती फोडायला त्याला काही सापडेना. मग हौदाजवळ मी दिसलो. त्याने तोंडाला रुमाल बांधला, हातात पिशव्या घातल्या, आणि ती ढेकळं माझ्यावर घेऊन वरवंट्याने फोडली. ज्या वरवंट्याला त्याच्याच बारशाला कुंची घातली होती, त्याने. उग्र, जळका, डोक्यात जाणारा वास. मी नको नको म्हणत होतो आणि पीत होतो. काम झाल्यावर त्याने दोन बादल्या पाणी माझ्यावर ओतलं. तेवढ्यात फोन वाजला, 'हां, बोला शेठ' म्हणत तो गेला, आणि विसरला. मुद्दाम कुणी काही केलं नाही. आमच्या घरात मुद्दाम कुणीच काही केलं नाही, हे ध्यानात ठेवा.

सटीच्या दिवशी सकाळी साळुबाई मागच्या दारात उभी राहून म्हणाली, "अश्विनी, औंदा पाटा आत घेऊ."

"आत्या, मिक्सर हाय की. कशाला कंबर मोडून घेताय?"

"निवदाचं पाट्यावरच करू गं. मिक्सरातनं नुसता आवाज येतो."

अश्विनी हसली. दोघींनी मला गोणपाटावर ढकललं आणि ओढत मागच्या ओसरीत आणलं. सुदर्शन पहाटेच कांदा घेऊन मंचरला गेला होता. तो असता तर त्याला आठवलं असतं. साळुबाईने मला कढत पाण्याने तीनदा धुतलं, राखेने घासलं. अश्विनीला वास आला नाही का, असं तुम्ही विचाराल. अहो, औषधाचा वास आमच्या मळ्यात बारा महिने असतो. कपड्यांना, चपलांना, वाऱ्याला. त्यात मी ओला, गार, धुतलेला. ती पात आणि वांगी काढायला शेतात निघून गेली.

साळुबाई एकटी राहिली. तीळ भाजून घेतले, खोबरं भाजलं. दोन्ही माझ्यावर घेतलं, वर लसूण. आणि वाटायला बसल्यावर तिने तोंड उघडलं. "ये रं बाबा," ती म्हणाली. "आज सट हाय. आज तरी ये." वासाला बोलवत होती ती. तिच्या मनाने घेतलं होतं की जुन्या दगडावर, जुन्या बैठकीत, जुन्या हाताने वाटलं तर नाकाला वाट सापडेल. तेवढ्यासाठी मला आत घेतलं होतं.

मी सगळ्या अंगाने ओरडत होतो. साळू, नको! अगं, मी बाटलोय, माझ्यात औषध आहे! तिने दोनदा वाकून हुंगलं. तिसऱ्यांदा वाकली तेव्हा तिचा श्वास माझ्यावर लागला, इतकी जवळ. दुसऱ्या कुठल्याही वर्षी ती पहिल्याच घासणीला ताडकन उठली असती. हिच्या नाकाला चिमूटभर मीठ कळत होतं, मित्रांनो. वरवंटा एकदा तिच्या हातातून निसटला. तो अजून म्हणतो, मी मुद्दाम निसटलो. तिने त्याला उचललं, धुतलं, आणि पुन्हा वाटायला घेतलं.

दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. बाहेर वांगी भाजत होती, आत धूप लावला होता, रश्श्याला फोडणी पडली होती. एवढ्या धुरात कुणाला काय कळणार? मी ओसरीत होतो आणि मधलं दार उघडं होतं, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. सुदर्शन मंचरहून आला, हातपाय धुऊन खंडोबाची तळी उचलायला बसला. "येळकोट येळकोट जय मल्हार!" भंडारा उधळला. देवापुढे पान ठेवलं. मग दुसरं पान कुत्र्याला. सटीला कुत्रा म्हणजे खंडोबाचं माणूस, त्याने तोंड लावल्याशिवाय घरातलं कुणी जेवत नाही. मळ्यातला काळा कुत्रा अंगणात बसलेलाच होता. सकाळपासून उपाशी. त्याच्यापुढे भाकरी, भरीत आणि वर मासवडी मांडली.

तो पुढे आला. नाक खाली नेलं. फट्कन शिंकला आणि दोन पावलं मागे सरकला. श्रेयाने 'खा की रे' म्हणून पान पुढे सारलं, तर त्याने शेपूट पायांत घातली आणि चाळीखाली जाऊन बसला.

श्रेयाने हाका मारल्या, तरी तो बाहेर आला नाही.

"निवद पावला न्हाई," कुणीतरी हळूच म्हणालं. सगळ्यांच्या नजरा साळुबाईकडे वळल्या. "वरीस झालं तरी गेलेल्या माणसाचं काय तरी करायचं ऱ्हायलं आसंल," एक म्हातारी पुटपुटली. साळुबाई दाराला धरून उभी होती.

बाळासाहेबाने वडीलकीने मार्ग काढला. "देव रुसला म्हणून आपुन रुसायचं नसतं. वर भंडारा टाका, देवाची माफी मागा, आन् समद्यांनी परसाद म्हणून एक-एक वडी तोंडात टाका. टाकून दिला तर लई वंगाळ." माना हलल्या. कुणालाही दुसरं काही सुचलं नाही. कुत्र्याने नाकारलं ते नाकाने, हे इतक्या शहाण्या माणसांत कुणाच्या डोक्यात आलं नाही. सगळे देवाकडे बघत होते.

श्रेया सगळ्यांत धाकटी, म्हणून पहिली वडी तिच्या हातावर ठेवली. तिने कपाळाला लावली. सुदर्शन तिच्या शेजारून भंडाऱ्याचं ताट घेऊन चालला होता. पोरीचा हात वर गेला आणि तो जागच्या जागी थांबला. तो वास त्याच्या ओळखीचा होता. त्याने तिच्या हातावर असा फटका मारला की वडी भिंतीवर जाऊन आपटली.

"खाऊ नका! कुनीच खाऊ नका!" त्याने दुसरी वडी नाकाला लावली. "ह्याला औषधाचा वास येतोय. आई, कशावर वाटलंस?"

साळुबाईने ओसरीकडे बोट केलं. सुदर्शन ओसरीत आला आणि वाकून त्याने माझा वास घेतला. "माझ्याच हातनं झालं," तो म्हणाला. "मीच ढेकळं फोडली व्हती त्याच्यावर." श्रेया रडत होती, अश्विनी तिचे हात साबणाने चोळत होती. मग सुदर्शनने मान वर केली. "पर आई, तुला वास कसा आला न्हाई? तुला?"

ती खाली बसली. "मला वासच येत न्हाई रं," ती म्हणाली. "दवाखान्यातनं आल्यापास्नं."

"दीड वरीस? आन् बोलली न्हाईस?"

"काय बोलू? बंगला तू हौसेनं बांधलास. मला घर घरावाणी वाटंना म्हनले आसते तर तुला वाटलं आसतं, आईला बंगला नको झालाय. आन् लोक म्हनले आसते, नवरा गेला आन् हिला वासाची पडलीया."

बाळासाहेबाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. लोक खरंच तसं म्हणाले असते.

मासवडी आणि रस्सा खड्ड्यात पुरला. माणसं भरीत-भाकरी खाऊन लवकर पांगली. सुदर्शन तिला मंचरच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईलही, नाहीही. लवकर आला असतात तर काही प्रयत्न करता आले असते. त्यानंतर घरातल्या सगळ्यांनी तिला फार जपलं. मला राग कशाचा येत असेल तर या जपण्याचा येतो आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही. "आत्या, गॅस चालू ऱ्हायला आन् तुमाला कळलंच न्हाई तर?" अश्विनी म्हणाली. बरोबरच होतं तिचं. लायटर वरच्या फळीवर गेला. "तुमी बसा, मी करते." साळुबाई बसली. चाळीस वर्षं ज्या घराची चूल तिच्या हातात होती, त्या घरात ती सोफ्यावर बसून टीव्ही बघायला लागली.

मला ट्रॉलीत घालून बांधावर आणलं. पूजेतला दगड, फोडता येत नाही. आणि आता माझ्यावर कुणी काही वाटणार नाही. वाटूही नये. साळुबाई दुपारी चालत येते, माझ्याजवळ बसते, तळवा माझ्या खोलगट भागावर ठेवते. "आज तापलास लई," म्हणते. तेवढाच एक दुवा उरलाय आमचा.

परवाचीच गोष्ट. ती आली ती काखोटीला भगवंतची घोंगडी घेऊन. बाकी कपडे दहाव्याला दिले होते, ही एकच तिने ट्रंकेत ठेवून घेतली होती. पाणी भरायला जाताना तो पांघरायचा ती. गेली तीन-चार वर्षं तिने ट्रंक उघडली नव्हती. का, ते तिने मला तेव्हा सांगितलं. नाक परत आलं की सगळ्यात आधी ही हुंगायची, तोवर उगाच उघडून वास घालवायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. आता तिने आशा सोडली होती, म्हणून श्रेयाला बरोबर आणलं होतं.

"माझं एक काम कर गं," ती म्हणाली. "हिचा वास घे आन् कसा येतो त्ये मला सांग. तुझ्या आज्याचा वास हाय त्यो. मातीचा आन् तंबाकूचा. हाय का, तेवढं सांग."

श्रेयाने तोंड घोंगडीत खुपसलं. मोठा श्वास घेतला. पुन्हा घेतला. पोर शाळेत शिकलेली, खरं बोलायचं एवढंच तिला माहीत.

"साबणाचा येतोय आजी," ती म्हणाली. "मम्मीनं दिवाळीच्या साफसफाईत धुतली होती ना. कसर लागू नये म्हणून."

साळुबाईने घोंगडी घेतली. घडी नीट केली. अश्विनीला यातलं काही सांगू नकोस, असं तिने पोरीला बजावलं, कारण सून चांगली आहे आणि तिला उगाच वाईट वाटेल. मग ती घोंगडी मांडीवर घेऊन माझ्याजवळ ऊन उतरेपर्यंत बसून राहिली. एकदाही तिने ती नाकाला लावली नाही.

मित्रांनो, माझी मागणी फार मोठी नाही. मला परत घरात घ्या असं मी म्हणत नाही, मी त्या लायकीचा राहिलो नाही. पण तुमच्या घरात कुणी ताटावरून लवकर उठत असेल, स्वतःच्याच दारात पाहुण्यासारखं उभं राहत असेल, तर त्याचं कारण आपल्याला माहीत आहे असं समजू नका. जवळ जाऊन विचारा, काय येईनासं झालंय, काय लागेनासं झालंय. आणि त्यांची एखादी जुनी वस्तू मळकट दिसली, स्वच्छ करायचा तुम्हाला कळवळा आला, तरी जरा थांबा. धुवायच्या आधी एकदा विचारा.